साथ ओसरल्यावर कॉलऱ्याचा जंतू पाण्यात राहतो कुठे?

पुकुरकाठ:
नमस्कार मंडळी. मिस्टरांच्या बदलीमुळे आम्ही सध्या डायमंड हार्बरच्या पुढे एका गावात राहतो. इथे घरटी एक पुकुर, म्हणजे छोटं तळं असतं. भांडी, धुणं, आंघोळ, मासे, सगळं त्यातच. गेल्या भाद्रपदात आमच्या पाड्यात जुलाब-उलट्या सुरू झाल्या, दोघांना कॉलरा असल्याचं निदान झालं. दिवाळीनंतर सगळं थंडावलं. माघात आम्ही हौसेनं तळ्याचं पाणी तपासून घेतलं, रिपोर्ट आला की कॉलऱ्याचा जंतू आढळला नाही. मला हायसं वाटलं, पण शेजारच्या काकीमा म्हणाल्या, "चैत्र लागू दे, परत येईल." आता चैत्र तोंडावर आलाय. थंडीत पाण्यात नसलेला जंतू उन्हाळ्यात येतो कुठून? घरात तीन वर्षांचं मूल आहे म्हणून जीव टांगणीला लागलाय.

खाडीचे_पाणी:
ताई, काकीमा बरोबर सांगताहेत. जंतू बहुधा कुठेही गेलेला नाही. माझं पीएचडीचं काम याच विषयावर कोलकात्यात झालं, सुंदरबनच्या खाड्यांतून आणि अशाच तळ्यांतून पाणी गोळा करण्यात गेलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी तुमच्या रिपोर्टबद्दल. नेहमीच्या तपासणीत पाण्याचा नमुना अल्कधर्मी पेप्टोन पाण्यात, म्हणजे जंतूंना वाढवणाऱ्या द्रवात, काही तास ठेवतात आणि मग टीसीबीएस नावाच्या हिरव्या आगारवर, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीसारख्या थरावर, पसरतात. कॉलऱ्याचा जंतू असेल तर दुसऱ्या दिवशी पिवळ्या, चपट्या वसाहती दिसतात. थंडीतल्या नमुन्यांत माझ्या प्लेट कित्येकदा कोऱ्या निघायच्या. त्याच नमुन्याचा थेंब या जंतूलाच चिकटणारी, चमकणारी अँटीबॉडी लावून सूक्ष्मदर्शकाखाली धरला, की अंधाऱ्या पडद्यावर हिरवे ठिपके उजळायचे. एरवी स्वल्पविरामासारखा वाकडा असणारा जंतू तिथे आखडून गोल झालेला असतो. मेलेला नसतो. त्याचं चयापचय मंद गतीनं चालू असतं, पण आगारवर तो वाढत नाही. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रीटा कोलवेल यांच्या मेरीलँड विद्यापीठातल्या गटानं 1982 मध्ये ही अवस्था मांडली: जिवंत, पण वाढवता न येणारी. पुढे स्वयंसेवकांना असे जंतू पाजल्यावर त्यांच्या आतड्यातून गेलेले जंतू पुन्हा आगारवर वाढू लागल्याचंही दाखवलं गेलं. म्हणून रिपोर्टमधल्या "आढळला नाही" याचा अर्थ एवढाच घ्यायचा, की प्लेटवर वाढला नाही.

आता राहतो कुठे ते. मोकळ्या पाण्यात सुटा तरंगणारा जंतू थोडाच असतो. त्याचं खरं बिऱ्हाड म्हणजे कोपेपॉड. हे झिंग्याच्या नात्यातले जीव, मिलिमीटरभर किंवा त्याहून लहान. काचेच्या ग्लासात तळ्याचं पाणी घेऊन उजेडासमोर धरलंत तर झटके देत पोहणारे पांढुरके कण दिसतील, त्यांत बरेचसे तेच. आम्ही 64 मायक्रॉन छिद्रांची जाळी (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पाण्यातून ओढायचो आणि तिच्या टोकाच्या बाटलीत जमलेला गढूळ रस्सा तपासायचो. मादी कोपेपॉडच्या शेपटीपाशी अंड्यांच्या पिशव्या असतात. अँटीबॉडी लावल्यावर सगळ्यांत दाट चमक तिथे आणि तोंडाजवळ दिसते. एका कोपेपॉडवर दहा हजारांपर्यंत जंतू असू शकतात. पोटातलं आम्ल बरेचसे जंतू मारून टाकतं, म्हणून आजार व्हायला एरवी फार मोठ्या संख्येनं जंतू पोटात जावे लागतात. एका घोटात जंतूंनी लदलेले कोपेपॉड गेले तर तो आकडा गाठणं सोपं होतं.

कोपेपॉडच का? त्यांचं कवच कायटिन नावाच्या कठीण पदार्थाचं असतं आणि कॉलऱ्याच्या जंतूकडे कायटिन पचवणारी विकरं आहेत. म्हणजे राहायला जागाही तीच आणि अन्नही तेच. शिवाय कवचावर ते एकमेकांना धरून चिकट थर करतात, त्यात थंडी आणि उपासमार सोसता येते. 2005 मध्ये तर असं दिसलं की कायटिनवर बसलेला हा जंतू आजूबाजूचा डीएनए आत ओढून घेतो, नवे गुण मिळवतो. केंदाळाच्या मुळांवरही तो चिकटून राहतो, तेव्हा तळ्यात जलपर्णी माजली असेल तर काढून टाका.

चैत्रात पाणी तापतं, शेवाळ वाढतं, त्यावर जगणारे कोपेपॉड वाढतात. नद्यांना पाणी कमी असल्यानं समुद्राचं खारं पाणीही आत सरकतं, आणि या जंतूला थोडा खारटपणा मानवतो. बांगलादेशातल्या मतलबला वर्षातून दोनदा साथ चढते, एकदा पावसाळ्याआधी आणि एकदा पूर ओसरल्यावर. साथ उतरते त्यात एक हात जंतूंना मारणाऱ्या फाज विषाणूंचाही असतो. जंतू वाढले की मागोमाग पाण्यात फाजही वाढतात.

डॉ_मराठवाडा:
माहिती उत्तम, पण एक बाजू राहिली. पाण्यात सापडणारे बहुतेक व्हिब्रिओ कॉलरी (कॉलऱ्याच्या जंतूचं शास्त्रीय नाव) हे साथ आणणारे नसतात. साथ आणतात ते त्याचे ओ1 आणि 1992 नंतर दिसलेला ओ139 हे प्रकार, तेही विषाचं जनुक बाळगणारे. ते जनुकही मुळात एका फाजनं आणलेलं. 2010 मध्ये हैतीत कॉलरा आला तो तिथल्या समुद्रातून उगवला नाही, माणसांबरोबर गेला. 2017 मधल्या जनुकीय अभ्यासांतही आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतल्या मोठ्या साथी आशियातून पोचलेल्या वाणांच्या निघाल्या. "जंतू पाण्यातच असतो" हे वाक्य पुढाऱ्यांच्या हाती पडलं की संडास आणि नळाचं काम मागे पडतं. म्हणून मला त्याची धास्ती वाटते.

खाडीचे_पाणी:
डॉक्टरसाहेब, हैतीबद्दल पूर्ण सहमत. तुमची धास्तीही रास्त आहे. पण ताई राहतात तो गंगेचा त्रिभुज प्रदेश आहे. जर्मन जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी 1884 मध्ये कलकत्त्याच्या एका तळ्यात हा जंतू पाहिला होता. इथे माणूस आणि पाणी यांच्यात त्याची ये-जा कायमची चालू आहे. पाण्यातला साठा पहिल्या एक-दोन रुग्णांपर्यंत पोचतो, आणि तिथून पुढे साथ पसरते ती माणसाच्या विष्ठेतून. ताज्या जुलाबातले जंतू काही तास जास्त संसर्गक्षम असतात. त्यामुळे रुग्णाचे कपडे पुकुरात धुणं ही मला सगळ्यांत घातक गोष्ट वाटते. कोपेपॉड काही आपल्याला हटवता येणार नाहीत, पण हे थांबवता येतं.

पुकुरकाठ:
खूप आभार दोघांचे. काकीमा प्यायचं पाणी ट्यूबवेलचंच आणतात, पण ती बिघडली की पुकुराचं पाणी साडीच्या पदरातून गाळून घेतात. त्याचा काही उपयोग होतो का?

खाडीचे_पाणी:
होतो, पण एकेरी पदरानं नाही. जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली सुती साडी घ्या आणि तिच्या चार घड्या करा. जुन्या सुताचे तंतू फुगलेले असतात, त्यामुळे छिद्रं सुमारे 20 मायक्रॉनपर्यंत बारीक होतात. जंतू त्याहून खूपच लहान, तो सुटा असेल तर आरपार जाईल. पण कोपेपॉड अडकतो आणि त्याच्यावर बसलेले जंतूही अडकतात. कोलवेल, अन्वर हक आणि सहकाऱ्यांनी मतलबच्या 65 गावांत हे करून पाहिलं. 2003 मध्ये निष्कर्ष आले, कॉलऱ्याचे रुग्ण 48 टक्क्यांनी घटले होते. मला या कामाबद्दल फार आदर आहे, कारण त्यांनी तिथल्या बायकांच्या हातात आधीपासून असलेल्या वस्तूवरच भर दिला.

तरी 48 टक्के म्हणजे निम्म्याहून कमीच, म्हणून लहान मुलासाठी एवढ्यावर थांबू नका. गाळलेलं पाणी खळखळून उकळा किंवा क्लोरीनची गोळी टाका. कोपेपॉड गाळून निघाले की क्लोरीनही नीट काम करतं. मुलाच्या बाटल्या, वाट्या पुकुरात विसळू नका. गाळल्यावर साडी उलटी करून स्वच्छ पाण्यानं खंगाळा आणि कडक उन्हात वाळवा, ओली गुंडाळून ठेवू नका. घरात ओआरएसची पाकिटं आणून ठेवा. तांदळाच्या पेजेसारखे जुलाब सुरू झाले तर पहिल्या जुलाबापासूनच पाजायला लागा आणि तसंच दवाखान्याकडे निघा. काकीमांनाही चार घड्यांचं सांगा, बाकीचं त्यांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.