शब्दचर्चा: ‘दिलासा मिळाला’ की ‘धीर आला’?

गेल्या श्रावणात आमच्याकडे, यावल तालुक्यात, तीन दिवस झड लागली होती. घर जुनं, धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं. पावसाळ्याआधी वर खारी माती टाकायची राहून गेली, त्यामुळे माजघरात जागोजाग ठिबकू लागलं. परात, घमेलं, पातेली, हाताला लागेल ते खाली मांडलं. सासूबाई तापाने फणफणलेल्या, त्यात लाइट गेलेली. दुसऱ्या रात्री न राहवून चोपड्याच्या मैत्रिणीला फोन लावला. तिने एवढंच विचारलं, “काय वं माय, जेवली का तू?” मला रडूच फुटलं. मग बराच वेळ बोललो. नंतर तिला लिहिलं, ‘तुझ्यामुळे दिलासा मिळाला.’ पाठवल्यावर शब्द खटकला. घर तर गळतच होतं! इथे नेमका कोणता शब्द हवा?

प्रतिसाद: खटकला ते बरोबरच. ‘दिलासा’ फारसीतून आला, त्यातला ‘दिल’ म्हणजे मनच. पण बातम्यांनी तो सवलत, भरपाई, निकाल यांना बांधून टाकला. वादळात केळीची बाग आडवी झाली आणि भरपाई जाहीर झाली, की ‘केळी उत्पादकांना दिलासा’. म्हणजे बाहेर काहीतरी बदलावं लागतं. सांत्वनाला आपण बहुतेक मयत झालेल्या घरी जातो. ‘हायसं वाटलं’ संकट टळल्यावर म्हणतो, आणि तुमचं टळलं नव्हतं. म्हणून ‘धीर आला’. क्रियापदं पाहा: दिलासा मिळतो, सांत्वन केलं जातं, पण धीर येतो, सुटतो, खचतो आणि धरताही येतो. दिलासा कधी कुणी धरलाय का? मैत्रिणीने धीर दिला तरी धरायचा तुम्हीच.

प्रतिसाद: एक भर घालतो. आमच्या पारोळ्याकडे भुकेल्या पोरालाही आई ‘धीर धर’ म्हणते, म्हणजे नुसतं ‘थांब जरा’. थांबणं या शब्दातच आहे, आणि झड तर उघडायची तेव्हाच उघडते. ‘आधार वाटला’ हेही चालेल, पण त्याचा पल्ला मोठा. त्या रात्रीपुरता धीर. अशी मैत्रीण आहे, हा आधार.

मूळ प्रश्न विचारणारी: दोघांचे मनापासून आभार. आज तिला पुन्हा लिहिलं, ‘त्या रात्री तुझ्या बोलण्याने धीर आला.’ लगेच तिचा फोन. म्हणाली, “ते ऱ्हाऊ दे. यंदा धाब्यावर माती टाकली का वं?”