सुक्कोत : मंडप, मांडव की खोप?

विचारणा : ज्यू लोकांच्या 'सुक्कोत' या सणाला मराठीत कुठे 'मंडपांचा सण' म्हटलेलं दिसतं, कुठे 'मांडवांचा'. एकीकडे तर 'तंबूंचा सण' असंही वाचलं. मूळ अर्थ काय, आणि यातला कोणता शब्द घ्यावा?

उत्तर : 'तंबू' आधी बाद करा. हिब्रूत तंबूला 'ओहेल' हा वेगळा शब्द आहे. 'सुक्का' म्हणजे पाल्याने छावलेला तात्पुरता निवारा; 'सुक्का' एकवचन, 'सुक्कोत' अनेकवचन. धातूचा अर्थ झाकणं, आच्छादणं. 'स्खाख' हा शब्दही त्याच धातूचा, म्हणजे छपरावर पसरायचा पाला आणि फांद्या. सणाचा सगळा जीव या छपरात आहे. भिंती कापडाच्यासुद्धा चालतात, पण छप्पर जमिनीतून उगवलेल्या आणि तोडून आणलेल्या वस्तूंचंच हवं. उन्हापेक्षा सावली जास्त पडावी, तरी रात्री फटींतून चांदण्या दिसाव्यात असा रिवाज आहे.

सणाचं कारण बायबलमधल्या लेवीय या पुस्तकाच्या 23व्या अध्यायात दिलंय : मिसरमधून बाहेर काढलं तेव्हा देवाने इस्राएल लोकांना सुक्कोतमध्ये राहवलं, हे पुढच्या पिढ्यांना कळावं म्हणून सात दिवस तिथे राहायचं. तालमुद या ज्यूंच्या धर्मशास्त्राच्या ग्रंथात यावर दोन मतं आहेत. एक म्हणतं, वाळवंटातल्या त्या खऱ्याखुऱ्या खोपी होत्या. दुसरं म्हणतं, देवाने लोकांवर धरलेले तेजाचे ढग म्हणजेच सुक्कोत. 'आच्छादणं' या धातूत दोन्ही मावतात, म्हणून मला हा शब्द फार मोठा वाटतो.

याच सणाचं दुसरं नाव 'हग हा-आसिफ', पीक गोळा करण्याचा सण. कोठारं भरलेली असतात आणि नेमकं तेव्हाच पक्कं घर सोडून पाल्याखाली जेवायला बसायचं! योम किप्पूरचा, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवसाचा, उपवास होऊन पाचच दिवस झालेले असतात, आणि प्रार्थनेत या दिवसांना 'आमच्या आनंदाचा काळ' म्हणतात.

विचारणा : मग 'खोप' सरळ का नाही घ्यायचा?

उत्तर : काही ठिकाणी तोच बरोबर. बायबलमधल्या यशया या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात द्राक्षमळ्यातली 'सुक्का' येते, ती राखणदाराची खोपच. याकोबाने गुरांसाठी सुक्कोत बांधले, तिथे 'गोठे' म्हणावं लागेल. पण सणासाठी मी 'मांडव'च घेईन. मांडव घातला म्हणजे घरी कार्य आहे, पाहुणे येणार, हे आपल्याला न सांगता कळतं. सुक्क्यातही रोज संध्याकाळी अब्राहामापासून दावीदापर्यंतच्या सात पूर्वजांपैकी एकाला पाहुणा म्हणून बोलावतात. या पाहुण्यांना 'उश्पिझिन' म्हणतात. 'मंडप' म्हटलं की आता कापड आणि भाड्याच्या खुर्च्याच डोळ्यांपुढे येतात.

आणखी एक उत्तर : कोकणातल्या बेने इस्राएल ज्यूंची भाषा मराठीच, आणि त्यांनी सणांना घरची नावं दिली होती : योम किप्पूर म्हणजे 'दारफाळणीचा सण' (दारं लावून घेण्याचा), त्याच्या दुसऱ्या दिवशी 'शिळा सण'. त्यांच्या कोकणात लग्नाचा मांडव झावळ्यांनी शाकारतात, आणि झावळ्या स्खाख म्हणून अगदी चालतात. 'मांडव' शब्दाला माझंही मत.

विचारणा : पटलं. आमच्या अंगणात जाईच्या वेलाचा मांडव आहे. तोही सुक्का ठरेल का?

उत्तर : नाही. तालमुदाचा गाभा असलेल्या मिश्ना या नियमसंग्रहात हे स्पष्ट आहे : वेल जमिनीत रुजलेला असेपर्यंत त्याचं छप्पर चालत नाही. वेल तोडून, उचलून पुन्हा वर पसरला तर चालेल.