मित्राचं गुपित आपल्यापाशी असतं तेव्हा (अनुभव धागा)

खळ्यातली
भावकीत साखरपुड्याचा विषय निघाला आणि जुनं बरंच वर आलं. मित्र गे आहे हे फक्त तुम्हाला, त्याच्या मैत्रिणीला, ठाऊक, आणि गणपतीला अख्खी वाडी विचारणार, "तुमचं दोघांचं कधी?" यात काय उपयोगी पडतं ते लिहा. नावगाव नको, वाडी लगेच ओळखू येते.

माझ्याकडून दोन. त्यानं सांगितलं की तेव्हाच विचारून घ्यायचं, अजून कोणाकोणाला माहीत आहे. त्याबाहेर कोणालाही नाही, नवऱ्यालासुद्धा. आणि वाडीला द्यायचं उत्तर दोघांचं एकच हवं. "मैत्री आहे, लग्न ठरलं की पत्रिका येईलच" एवढं पुरे. त्यात मुंबईची खोटी मैत्रीण घुसडली की मे महिन्यात आत्या तिचा फोटो मागते, मग आडनाव, मग पत्रिका.

सुरंगी
नवऱ्याला पण नाही?? कठीण आहे हां.

खळ्यातली
"त्याचं खासगी आहे, मी सांगू शकत नाही" एवढं सांगता येतं की. ते खोटंही नाही.

तिरफळ
फोनचं कोणी बोलतच नाही. गावी फोटो बघायला फोन हातोहात फिरतो. व्हॉट्सॲपवर चॅट लॉक, नोटिफिकेशनमधला मजकूर बंद, दोघांच्याही फोनवर. एकाच्याच केलं तर उपयोग शून्य.
डेटिंग ॲपवर अंतर लपवायचं. शहरात ३०० मीटर म्हणजे काहीच नाही, वाडीत म्हणजे घरच सापडलं. लपवलं तरी जवळची माणसं यादीत वर दिसू शकतात, म्हणून चेहरा नको आणि फोटोत मागे ओटी, तुळस, होडी तर नकोच.

पेजभात
साखरपुड्याला मोदक आहेत का? माझी उकड दरवेळी फाटते 😅

तिरफळ
मेल्या, हंयसर उकड खंय इली? वाटीला वाटी पाणी, चमचाभर तूप, पीठ घातल्यावर झाकून वाफ, गरम असतानाच मळ. पीठ जुन्या तांदळाचं असेल तर पाणी थोडं वाढव.

भरतीओहोटी
"पोलिसात देतो, ३७७ लागेल" (समलिंगी संबंध गुन्हा ठरवणारं जुनं कलम) ही धमकी अजून चालते. सर्वोच्च न्यायालयानं ६ सप्टेंबर २०१८ ला प्रौढांमधला संमतीचा संबंध गुन्ह्यातून काढला. १ जुलै २०२४ पासूनच्या भारतीय न्याय संहितेत ते कलमच नाही. उलट अशी धमकी देऊन पैसे उकळणारा याच संहितेच्या कलम ३०८ मध्ये बसतो.
पैसे द्यायचे नाहीत, दिले की मागणी वाढते. घाबरून चॅट डिलीट करतात आणि पुरावा जातो. नंबर, यूपीआय आयडी, वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३०, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन.

सुरंगी
ठाण्यात ओळखीचाच हवालदार निघतो त्याचं काय?

भरतीओहोटी
झिरो एफआयआर, म्हणजे हद्द नसली तरी दुसऱ्या ठाण्यात तक्रार. सावंतवाडीचं प्रकरण रत्नागिरीत नोंदवता येतं.

वहाळ
मी या एका बाबतीत कडक आहे. त्याच्यासाठी मुलगी बघायच्या कार्यक्रमाला मैत्रिणीनं मदत करायची नाही, फोटो निवडायलासुद्धा नाही. त्या बघायला आणलेल्या तिसरीचं काय? गुपित फोडायचं नाही, पण त्याला तोंडावर सांगायचं. "मग तूच कर ना लग्न" असं तुम्हाला म्हणणाऱ्यांना तर थेट नाही. लपवून केलेल्या लग्नात फसवणुकीच्या मुद्द्यावर हिंदू विवाह कायद्याच्या कलम १२ खाली लग्न रद्द मागता येतं, कळल्यापासून वर्षाच्या आत.

सुरंगी
+१. आणि घरी कळलंच तर कोणीतरी "बरा करून देतो" म्हणणारा डॉक्टर शोधतं. राष्ट्रीय वैद्यक आयोगानं २०२२ मध्येच ते व्यावसायिक गैरवर्तन ठरवलंय. रात्री त्याला बोलायला कोणी हवं असेल तर टेली मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, मराठीत बोलतात.

पेजभात
उकडीबद्दल धन्यवाद. आता कामाचं विचारतो. एचआयव्ही तपासणी कुठे? तालुक्याला सगळे ओळखतात.

तिरफळ
सरकारी रुग्णालयातलं आयसीटीसी, म्हणजे समुपदेशन आणि तपासणी केंद्र, एचआयव्ही तपासणी फुकट, निकाल गुप्त. शेजारच्या जिल्ह्यात गेलं तरी चालतं. धोका नुकताच झाला असेल तर तपासणीच्या आधी पेपच्या (एचआयव्हीची लागण टाळायच्या) गोळ्या, ७२ तासांच्या आत, जितक्या लवकर तितकं बरं, आणि पूर्ण २८ दिवस. शनिवारी झालं तर सोमवारची ओपीडी धरू नका, कॅज्युअल्टीत जा.