विषय: आत्याचं इंदिरानगरचं घर, सल्ला हवा आहे

सोमवार, टोरांटोहून

मंडळी, नमस्कार.

गणपतीच्या वर्गणीच्या मेल्समध्ये हा घरगुती विषय आणतेय, माफ करा. दुसरं कुणाला विचारावं ते सुचेना.

माझी आत्या 81 वर्षांची आहे. नाशिकला इंदिरानगरात तिचं छोटं रो-हाउस आहे. शाळेत शिक्षिका होती, 1986 साली स्वतःच्या पगारातून हप्ते भरून तिने ते घेतलं. तिचे यजमान, म्हणजे आमचे काका, जाऊन अकरा वर्षं झाली. मूलबाळ नाही. 2021 मध्ये काकांचा पुतण्या बायको-मुलासह तिच्याकडे राहायला आला, तेव्हा आम्हा सगळ्यांनाच हायसं वाटलं होतं. हे खरं सांगायला हवं. 2023 मध्ये त्याने तिला रजिस्ट्रार ऑफिसात नेलं आणि घर स्वतःच्या नावे बक्षीसपत्र करून घेतलं.

गेल्या दिवाळीपासून आत्या मागच्या, मोरीलगतच्या खोलीत आहे. सकाळी येणाऱ्या बाईंना बंद केलं. तिचा फोन "बिघडला" आहे, तो काही दुरुस्त होत नाही. काल शेजारच्या काकूंच्या फोनवरून बोलली. तक्रार एकच केली, "अगं, माझी जास्वंद तोडली, तिथे आता गाडी लावतात."

मला रात्रभर झोप नाही. मुखत्यारपत्र करून कोर्टात दावा लावायचा आहे. पैसे लागले तर लागू देत. नाशिकचा चांगला दिवाणी वकील कुणाच्या माहितीत आहे का?

आत्याची भाची

---

मंगळवार, सिएटलहून

ताई,

मी महसूल खात्यात नोकरी केली, त्यातली काही वर्षं नाशिक जिल्ह्यातच. आता मुलाकडे असतो. तुमचा मेल वाचला आणि आधी एवढंच सांगावंसं वाटलं, की दिवाणी दाव्याची घाई करू नका. दावा चालेल तितकी वर्षं 81 व्या वर्षी हातात नसतात.

आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम, 2007 असा कायदा आहे. साठी ओलांडलेल्या कुणालाही त्याचा आधार घेता येतो. त्याखालचं न्यायाधिकरण म्हणजे आपलं प्रांत ऑफिस, उपविभागीय अधिकारी. अर्ज आत्याने स्वतः करायचा. तिला शक्य नसेल, तर ती ज्याला अधिकार देईल ती व्यक्ती किंवा संस्था करू शकते. चरितार्थाचा अर्ज नोटीस पोचल्यापासून 90 दिवसांत निकाली काढावा, फार तर 30 दिवस वाढवावेत, असं कायदा म्हणतो. तारखा पडतात, नाही असं नाही. तरी हा रस्ता जवळचा आहे.

घरासाठी कलम 23 बघा. सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने सांभाळ केला नाही, तर ते हस्तांतरण फसवणुकीने झालं असं धरून न्यायाधिकरण रद्द ठरवू शकतं. मात्र हा पर्याय देणाऱ्याचा आहे. तुमचा नाही, माझा नाही, फक्त आत्याचा.

म्हणून दोन गोष्टी. पहिली, दस्त वाचा. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर सूची क्रमांक दोन, म्हणजे दस्ताचा गोषवारा, दिसेल. त्यावरून दस्त क्रमांक घ्या आणि दुय्यम निबंधकाकडून पूर्ण दस्ताची नक्कल मागवा. सांभाळाची अट कुठे लिहिली आहे का, सगळं तिथे अडतं. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2022 मध्ये सुदेश छिकारा यांच्या प्रकरणात सांगितलं, की अट सिद्ध झाली नाही तर कलम 23 लागू होत नाही. नुसतं प्रेमापोटी दिलं म्हणून भागत नाही. पुढे 2 जानेवारी 2025 ला ऊर्मिला दीक्षित यांच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने आईच्या बाजूने कौल दिला. तिथे बक्षीसपत्राच्याच दिवशी मुलाने सांभाळाचं वचनपत्र लिहून दिलेलं होतं. न्यायाधिकरण घराचा ताबाही परत देऊ शकतं, हेही त्या निकालात आलं. तेव्हा आत्याच्या कपाटात असा एखादा कागद आहे का, जरूर शोधा.

दुसरी गोष्ट तुम्हाला आवडणार नाही. घर आत्याच्या स्वकमाईचं आहे. मूलबाळ नसलेली हिंदू विधवा मृत्युपत्र न करता गेली, तर हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम 15 प्रमाणे तिची स्वतःची मिळकत पतीच्या वारसांकडे जाते. माहेरची नाती त्यानंतर येतात. घर वडिलांकडून आलेलं असतं तर गोष्ट वेगळी होती. म्हणजे बक्षीसपत्र रद्द झालं तरी पुढे वारस म्हणून हाच पुतण्या उभा राहू शकतो. पण त्याचीच दुसरी बाजू अशी, की अपत्य नसलेल्या ज्येष्ठाची मालमत्ता ज्याच्या ताब्यात आहे किंवा ज्याला मिळणार आहे, त्या वारसावर 2007 चा कायदा सांभाळाची जबाबदारी टाकतो. त्याला ती झटकता येणार नाही.

अजून एक. पुतण्याला बक्षीस द्यायचं तर बाजारमूल्यावर मुद्रांक शुल्क पडतं. मुलगा-मुलगीसाठी आहे ती 200 रुपयांची सवलत त्याला नाही. ती रक्कम कुणाच्या खात्यातून गेली, पासबुकात बघा.

वकील हवाच असेल तर जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता तिथे मोफत वकील मिळतो.

---

बुधवार, बे एरियाहून

सिएटलच्या काकांनी कायदा नीट सांगितला आहे. मी फक्त आमच्याकडे काय झालं ते सांगते, कारण ते मला आधी कुणी सांगितलं नव्हतं.

माझी आई नाशिकरोडला होती. भावाशी वाद झाला. मी इथून रात्री-अपरात्री फोन करून सगळं हलवलं आणि आदेश आईच्या बाजूने झाला. भाऊ सामान घेऊन गेला. त्या संध्याकाळी आई चार खोल्यांत एकटी होती. देवाजवळ दिवा लावायला वाकली आणि पडली. शेजाऱ्यांना दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं. ताई, आदेश घेताना दुसऱ्या दिवशी सकाळी चहा कोण करणार, हे मी ठरवलं नव्हतं. ते तुम्ही आधी ठरवा. बाई कोण, रात्री कोण, औषधं कोण बघणार, डॉक्टरकडे कोण नेणार. अर्जापेक्षा ही यादी मला महत्त्वाची वाटते.

आणि आत्याच्या स्मरणशक्तीचं काय? आईचं मुखत्यारपत्र माझ्याकडे होतं. तिची समज गेल्यावर ते कायद्यानेच संपलं. बँक ऐकेना, आणि अशा माणसाचा पालक नेमण्यासाठी आम्हाला उच्च न्यायालयात जावं लागलं. आत्या आज स्वतः बोलू शकत असेल, तर हेच महिने हातात आहेत. तिची डॉक्टरकडून तपासणी करून लेखी घ्या, आणि तिचं म्हणणं तिच्या तोंडून ऐका. फोनवर नको. जा.

तोपर्यंत शेजारच्या काकूंना 14567 हा ज्येष्ठांच्या मदतीचा नंबर देऊन ठेवा.

---

तीन आठवड्यांनी, नाशिकहून

मंडळी,

आले. तुमचे दोन्ही मेल छापून पर्समध्ये ठेवलेत.

नक्कल मिळाली. दस्तात चौथ्या पानावर एक वाक्य आहे: "लिहून घेणार हे लिहून देणार यांची सेवा करीत आले असून यापुढेही करतील." काका, ही अट धरतील की नुसती स्तुती? विधी सेवेच्या वकीलबाई म्हणाल्या की सगळा वाद याच वाक्यावर होईल. मग आत्याच्या पेटीत, शाळेच्या निरोप समारंभाच्या फोटोंखाली, स्टॅम्पपेपर सापडला. "काकूंचा मरेपर्यंत सांभाळ करीन, औषधपाणी बघीन." सही त्याची, तारीख बक्षीसपत्राचीच. आणि मुद्रांकाचे पैसे आत्याची मुदतठेव मोडून भरलेले. ते पासबुक बघून मी मोरीत जाऊन रडले.

डॉक्टरांनी तपासलं. आज औषध घेतलं का, हे तिला आठवत नाही. 1986 चा हप्ता किती होता, ते पैशासकट आठवतं. स्वतःचा निर्णय स्वतः घेऊ शकते, असं त्यांनी लिहून दिलं.

मग मी तिला विचारलं, तुला काय हवंय? मला वाटलं होतं ती म्हणेल, त्याला घालवून दे. ती म्हणाली, "घर माझ्या नावावर येऊ दे. मग तो राहीना का. पोराची दहावी आहे. मला माझी पुढची खोली दे आणि त्या बाईंना परत बोलव." मी वाद घातला. मला त्याचा इतका राग आला आहे की त्याच्या हातचा चहा मी घेतलेला नाही. पण पर्याय तिचा आहे, हे काकांनी लिहिलं होतं. मला ते तिच्या समोर बसल्यावर कळलं.

अर्ज तिच्या शब्दांत लिहिला. बक्षीसपत्र रद्द व्हावं, दरमहा चरितार्थ मिळावा, पुढची खोली मिळावी. घर सोडायला लावा, असं कुठेही लिहिलं नाही. पुढे मृत्युपत्र ती करेल, तिला हवं तसं. मी विषय काढलेला नाही. मृत्युपत्र तिला कधीही बदलता येईल, बक्षीसपत्र तसं बदलता येत नाही, एवढंच सांगितलं. तिने मान हलवली.

प्रांत ऑफिसात पोच घेतली. ती रिक्षात बसून राहणार होती, पण खाली उतरली आणि स्वतःच्या हाताने अर्ज दिला. सही मराठीत, पूर्ण नावाने, फळ्यावर काढायची तसल्या अक्षरात.

पुतण्या दोन दिवस बोलला नाही. काल संध्याकाळी पुढच्या खोलीतला टीव्ही त्याने मागे नेला. कशामुळे, मी विचारलं नाही. पलंग अजून मागेच आहे. बाई उद्यापासून सकाळी येतील, त्यांचा पगार मी पाठवेन. रात्रीची सोय अजून झालेली नाही.

माझी रजा पंधरा दिवसांत संपते, नोटीस निघून पहिली तारीख त्यानंतरच पडेल. येत्या दोन-तीन महिन्यांत आपल्यापैकी कुणी नाशिकला जाणार असेल, तर अर्धा तास तिच्याकडे डोकावाल का? काही न्यायला नको. तिच्याशी बोला, नुसतं कसं चाललंय विचारू नका, खोली बघा. मला वेगळा मेल करा, पत्ता कळवते. सकाळी अकरानंतर जा, त्याआधी तिची पूजा असते.