पंधरा दिवस म्हणजे काहीच नाही हो ताई

ताई, तुम्ही लिहिलंय की कुत्र्याचं पिल्लू अडीच महिन्यांचं आहे, आणून पंधरा दिवस झाले तरी हॉलमध्येच शू करतं, हात चावतं आणि घरचे म्हणतायत परत देऊन टाका. प्लीज देऊ नका. एवढ्याशा पिल्लाला शू धरूनच ठेवता येत नाही, साधारण जेवढे महिने तेवढे तास असं धरा, म्हणजे तुमचं दोन तास पण मुश्किलीने, आणि रात्री एकदा उठावंच लागणार.

आमची काळी कोथरूडच्या फ्लॅटमध्ये तिसऱ्या मजल्यावर वाढली, ती शू करायच्या आधी नाक जमिनीला लावून शू-रॅकपाशी गोल गोल फिरायची, ते दिसलं की उचलून बाल्कनीतल्या पेपरवर ठेवायचं, झाली की तिथल्या तिथे खाऊ. तरी साडेपाच महिने लागले. ओरडलात तर पिल्लू सोफ्यामागे लपून करेल, बाकी काही होणार नाही.

चावणं आत्ता खेळण्यातून आणि पुढे दात बदलतात म्हणून, सहा-सात महिन्यांपर्यंत चालतं, ओला नॅपकिन पिळून फ्रीजरमध्ये ठेवा आणि चघळायला द्या, खूप आराम पडतो त्यांना.

आणि लसी पूर्ण होईपर्यंत खाली जमिनीवर सोडू नका, पार्व्हो (पिल्लांना होणारा जीवघेणा संसर्ग) वाईट आहे, पण कडेवर घेऊन रोज फिरवा, रिक्षा, कुकरची शिट्टी, ढोलपथकांचा सराव लांबून ऐकू दे, हेच वय आहे त्याचं, नंतर गणपतीत बेडखाली थरथरत बसतात बिचारे. झोपत किती वेळ आहे ते पण सांगा, अठरा तास तरी हवी.