आईला आमवात, एलडीएल कमी: हृदयाचं काय?

प्रश्न: आईला आमवात (रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आरए) आहे. सकाळी कुकरचं झाकणही लावता येत नाही तिला. सीआरपी (रक्तातला दाह दाखवणारा आकडा) ३८, पण एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) फक्त ८२. मग हृदयाची काळजी नको ना?

– उलट आहे, ताई. दाह भडकलेला असताना एलडीएल खाली जातं, धोका मात्र वाढलेलाच असतो. आजार आटोक्यात आला की लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉलची तपासणी) परत करा. तेव्हा आकडा चढलेला दिसू शकतो. घाबरून आरएची औषधं बंद करू नका, कृपा करून!

– 'युलार' या संधिवातावरच्या युरोपीय संघटनेच्या शिफारशीत आरए असल्यास हृदयविकाराच्या धोक्याचा अंदाज १.५ने गुणायला सांगितलंय. बीपी, साखर बघा. आई तंबाखूची मिश्री लावतात का?

– लावते, रोज. डॉक्टरांना सांगितलंच नव्हतं. सांगते.