भिंतीपलीकडचे आवाज
‘द झोन ऑफ इंटरेस्ट’ या सिनेमात काहीच घडत नाही, असं कुणीतरी म्हटलंय. मला अजिबात पटलं नाही. हेडफोन लावून परत बघा. आउशवित्झ या नाझी छळछावणीच्या भिंतीला लागून तिथल्या प्रमुखाचं घर, बागेत फुलं, पोरं खेळतायत आणि पलीकडून गोळ्या, किंकाळ्या, भट्ट्यांची घरघर. लुटून आणलेला फरकोट त्या घरातली बाई आरशासमोर घालून बघते, खिशात लिपस्टिक सापडते, ती स्वतःच्या ओठांना लावते. पोटात गोळाच आला! २०२४ चं ध्वनीचं ऑस्कर याला मिळालं, अगदी योग्य.

या महिन्यात तितकाच आवडलेला दुसरा म्हणजे ‘परफेक्ट डेज’. टोकियोतले सार्वजनिक संडास साफ करणारा हिरायामा छोटा आरसा धरून भांड्याच्या कडेखाली घाण राहिली का ते बघतो. हिरायामा साकारणाऱ्या कोजी याकुशोला कान चित्रपट महोत्सवात अभिनयाचं पारितोषिक उगाच नाही मिळालं. ‘माएस्ट्रो’ मात्र निम्म्यात सोडला.